बिननावाची पुडी

सकाळी साडेदहाच्या सुमारास मी डेपोच्या जिन्यावरून पडले. घसरले नाही, अडखळले नाही. पाय होते आणि पुढच्याच पायरीवर नव्हते. हातातले पुढच्या महिन्याच्या वेळापत्रकाचे कागद खाली उभ्या असलेल्या वाहकांच्या डोक्यावर उडाले आणि त्यांच्यामागोमाग मी. शुद्धीवर आले तेव्हा एकजण माझ्या तोंडावर पाणी मारत म्हणत होता, "बाई, गाड्या वेळेवर सुटत नाहीत म्हणून तुम्ही कशाला जीव देताय?" सगळे हसले. मीही हसले. सव्वीस वर्षं मी या डेपोच्या वेळापत्रक विभागात आहे. कुठली गाडी किती मिनिटांनी कुठे पोचायला हवी हे ठरवणं माझं काम, आणि ती तशी पोचत नाही हे ऐकून घेणंही माझंच. डेपोत आठवड्यातून दोनदा येणारा डॉक्टर नशिबाने त्या दिवशी होता. त्याने माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. मग मनगट धरून घड्याळाकडे बघत राहिला. "धावपटू होतात का कधी?" "मी तर बसमागेसुद्धा धावत नाही." "मग नाडी इतकी सावकाश कशी? आणि रक्तदाब तर पार तळाला गेलाय. रक्तदाबाची कुठली गोळी चालू आहे तुम्हाला?" "मला कुठलीच नाही. गोळ्या माझ्या वडिलांना आहेत." हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्याच्याबरोबर जिभेच्या मुळाशी एक चव वर आली. कडसर, खडूसारखी. दोन-तीन आठवडे ती रोज सकाळी माझ्या तोंडात येत होती आणि मी समजत होते की झोप नसली की माणसाचं तोंड असंच होतं.

डॉक्टरला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? की माझे वडील मला रोज सकाळी एक पुडी देतात आणि मी ती त्यांच्यासमोर घेते, कारण मी घेतल्याशिवाय ते नाश्त्याला हात लावत नाहीत? की त्या पुडीतली साखरेची गोळी मीच आणून दिलेली असते? ती मिठाईच्या दुकानातली पांढरी, वाटाण्याएवढी गोळी. ते ती खलात घालून कुटतात, कागदाच्या चौकोनात ओततात, चार घड्या घालतात आणि वर माझं नाव लिहितात. कुटलेल्या पांढऱ्या पुडीत साखर किती आणि दुसरं काय किती, हे डोळ्यांना कळत नाही. त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्याही पांढऱ्याच. सकाळी मी त्यांच्या हातावर ठेवते, पाण्याचा पेला देते, घोट गळ्याखाली उतरताना बघते. घोट उतरत होता. गोळी उतरत नव्हती. हे मला डेपोच्या त्या अरुंद बाकावर, छताच्या पंख्याकडे बघत पडलेली असताना कळलं. आधी मला हसू आलं आणि मग भीती वाटली. माझी नाही, त्यांची. माझ्या अंगात त्यांचं औषध होतं, म्हणजे त्यांच्या अंगात ते नव्हतं. तीन आठवडे नव्हतं.

बाबा कंपाउंडर होते. आता हा शब्दही मुलांना समजावून सांगावा लागतो. डॉक्टर आतल्या खोलीत तपासायचे, चिठ्ठी बाहेर यायची आणि बाबा लाकडी खिडकीच्या पलीकडे उभे राहून औषध बनवायचे. मोठ्या बाटल्यांतून लहान बाटलीत, खलातून कागदावर. शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसायची. पातळ औषधाच्या बाटलीवर एक कागदाची पट्टी चिकटवत, कडेला करवतीसारखे दाते कापलेली; एक दाता म्हणजे एक डोस. त्या पट्ट्या कापायचं काम माझं. पाच दात्यांच्या वेगळ्या, आठच्या वेगळ्या. एकदा मी सहाऐवजी सात दाते कापले तर बाबांनी ती पट्टी माझ्यासमोर चुरगळली आणि म्हणाले, "एक दाता जास्त म्हणजे एक डोस कमी पडतो. बाटलीला काय, माणसाला कमी पडतो." रागावले नव्हते, रागवण्याइतके ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांचं सगळं लक्ष खिडकीपलीकडच्या माणसाकडे असायचं. त्याला ते विचारायचे, झोप लागली का, काल कुठल्या कुशीवर झोपलात, जेवण जातं का. घरी आल्यावर आईला आणि आम्हाला त्यांनी असं कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही. आई म्हणायची, "यांच्याशी दोन शब्द बोलायचे तर आधी आजारी पडावं लागतं." ती शेवटी खरोखरच आजारी पडली, पण तेव्हा दवाखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती.

दोन गोष्टी ते प्रत्येकाला सांगायचे, अगदी रोजच्या माणसालाही. एक, पुडीवर नाव असल्याशिवाय ती या खिडकीतून बाहेर जाणार नाही. आणि दुसरं, दुसऱ्याच्या नावाचं औषध घ्यायचं नाही, कितीही सारखा आजार असला तरी. नाव ते स्वतः लिहायचे, दौतीत टाक बुडवून, मान तिरकी करून. मला ते अक्षर त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचं आहे.

त्यांचं विसरणं सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा घरातल्या खोल्या गेल्या, मग वार, मग आई गेल्याचं. ते आईची वाट बघायचे, मी सांगायची ती नाही, ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे. कानाला खडा लावला आणि सांगायचं सोडलं. त्यानंतर मी गेले. एका सकाळी मी चहा घेऊन आले तर त्यांनी अदबीने पाय आवरून घेतले आणि म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेताय, घरच्या माणसांना सांगा ना." तीन वर्षं झाली त्याला. मी तेव्हापासून या घरात कोण होते हे दर दिवशी बदलायचं: कधी कामाला येणारी बाई, कधी घर बळकावायला आलेली कुणीतरी, कधी नुसताच अडथळा. अंघोळीला नेताना त्यांनी माझ्या तोंडावर मारलं आहे. एकदा दाराची कडी काढून ते जिन्यात ओरडत बसले की मला कोंडून ठेवलंय, आणि शेजारीपाजारी माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मलाच वाटायला लागलं, ठेवलंय की काय. त्यांचे कपडे बदलताना, चादरी धुताना माझ्या मनात जे यायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दादा परगावाहून फोनवर म्हणायचा, "तू चिडू नकोस गं, ते काय मुद्दाम करतात का?" मुद्दाम करत नाहीत हे मला माहीत होतं. चिडायला तेवढं पुरत नाही, इतकंच.

खल मीच काढून दिला. माळ्यावर जुन्या पेटीत सापडला, बत्त्यासकट. दुपारी बाबा खिडकीची जाळी नखांनी ओरबाडत बसायचे, बोटांतून रक्त येईपर्यंत, म्हणून मी म्हटलं हाताला काहीतरी काम द्यावं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. त्यांनी खल मांडीवर घेतला, फुंकर मारून धूळ उडवली, आतून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघून त्या आवाजात, त्या खिडकीपलीकडच्या आवाजात म्हणाले, "बसा बाई. काय होतंय?" मला उभ्या उभ्या रडू आलं. असं मला कुणी किती वर्षांत विचारलं नव्हतं. मी बसले. म्हटलं, झोप लागत नाही. छातीत धडधडतं. त्यांनी माझी नाडी बघितली. त्यांची बोटं थरथरत नव्हती, रोज चमचा धरताना थरथरतात ती. "नाव?" मी माझं नाव सांगितलं, पूर्ण, त्यांच्या नावासकट. मधलं नाव त्यांचंच आहे. लग्न मी केलं नाही आणि झालंही नाही, दोन्ही खरं. वाटलं होतं, स्वतःचं नाव लिहिताना तरी हात अडेल. अडला नाही. मान तिरकी करून त्यांनी ते लिहिलं आणि पुडी माझ्यापुढे सरकवली. पेटीतच त्यांची जुनी वही होती, तीत तारीख, नाव आणि तक्रार टिपून ठेवली. तारीख चाळीस वर्षांपूर्वीची.

तेव्हापासून रोज सकाळी अर्धा तास मी त्यांची पेशंट झाले. मी त्यांना कंपाउंडरसाहेब म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. त्या अर्ध्या तासात ते माझ्यावर ओरडले नाहीत, हात उचलला नाही, मला चोर म्हणाले नाहीत. मी डेपोतल्या तक्रारी सांगायची, पाठदुखी सांगायची, एकदा तर बारा वर्षांपूर्वी मोडलेलं एक नातंसुद्धा सांगून टाकलं. ते ऐकायचे. "दगदग कमी करा," म्हणायचे. "घरी कोण आहे करायला?" मी म्हणायची, कुणी नाही. दादाने अशा म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेची चौकशी केली होती. चांगली जागा, शहराबाहेर, स्वच्छ खोल्या, चोवीस तास माणसं. एक खाट मोकळी होती आणि शनिवारपर्यंत ती राखून ठेवणार होते. दादा रोज विचारायचा आणि मी रोज म्हणायची, बघते. त्याला वाटायचं मी कर्तव्य म्हणून अडून बसलेय. लोकांनाही तसंच वाटायचं. समोरच्या काकू तर मला बघून हात जोडायच्या. खरं तेवढंच होतं की माझ्या बापाने मला बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा काय होतंय म्हणून विचारलं होतं, आणि तो अर्धा तास मला सोडवत नव्हता.

डेपोच्या डॉक्टरने मला घरी पाठवलं. एकटी जाऊ नका म्हणाला, मी एकटीच निघाले. रस्त्याच्या कडेच्या कठड्याला धरत, दर खांबाशी थांबत. अकरा-साडेअकराचं ऊन होतं, दुकानांच्या काचा डोळ्यांवर येत होत्या आणि दोन्ही बाजूंनी माझ्याच वेळापत्रकातल्या गाड्या उशिरा धावत होत्या. मी आठवत होते. रक्तदाबाची गोळी त्यांनी मलाच का द्यावी? कारण मी धडधड सांगितली होती. धडधडीवर ती चालते, एवढं मलाही माहीत आहे. म्हणजे माझा बाप, ज्याला चमच्याचं टोक कुठलं ते कळत नाही, तो रोज सकाळी स्वतःची गोळी गालात धरत होता, मी पाठ वळवली की काढून ठेवत होता आणि माझ्या तक्रारीवर बरोबर तीच गोळी कुटून देत होता. साखरेची गोळी ढोंग आहे हे त्यांच्यातल्या कंपाउंडरला कळलं होतं. पेशंटला खोटं औषध देणं त्यांना पटलं नसणार. मला त्या उन्हात अभिमानासारखं काहीतरी वाटलं आणि लगेच दुसरं आठवलं. त्यांना संध्याकाळीही गोळ्या असतात. झोपेच्या. महिनाभर ते झोपत नव्हते, घरभर फिरत होते, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी त्या वाढवूनही दिल्या होत्या. त्याही गालात राहिल्या असणार. पण माझ्या पुडीत त्या नव्हत्या; असत्या तर मी दिवसभर झोपेत चालले असते, आणि मला तर झोपच नव्हती. मग त्या कुठे गेल्या? इथे मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले, कारण मला सुताराची आठवण झाली.

सुतार आमच्या दवाखान्याच्याच रस्त्यावर राहायचा. औषधाच्या खिडकीची चौकट त्यानेच केलेली, सागवानी, कोपरे असे जुळवलेले की नख शिरायचं नाही. त्याच्या जबड्याला काहीतरी झालं आणि ते वाढत गेलं. मी दहा वर्षांची असेन. दुपारी शाळेतून येताना त्याचं ओरडणं ऐकू यायचं. ओरडणंही नव्हे, शब्द काढता येत नसलेल्या माणसाचा आवाज. त्याची मुलगी रोज खिडकीशी यायची. पंचविशीची, केस कधी विंचरलेले नसायचे. ती सगळ्यांत शेवटी उभी राहायची आणि बाबांशी हळू बोलायची. डॉक्टर बाहेरगावी असतानाची एक संध्याकाळ. मी पट्ट्या कापत होते. बाबांनी कपाट उघडलं, बराच वेळ खल फिरवला आणि एक पुडी बांधली, नेहमीपेक्षा जाड. ती तशीच खिडकीतून सरकवली. मी म्हटलं, "बाबा, नाव राहिलं." ते म्हणाले, "राहू दे." दुसऱ्या दिवशी रस्त्यावर शांतता होती. घरी बाबा जेवले नाहीत. मोरीत बसून हात धूत राहिले, साबण लावून, धुऊन, पुन्हा लावून. आई दारात उभी होती. आठवड्याने सुताराची मुलगी रिकाम्या बाटल्या परत द्यायला आली. बाबांनी वही काढली, तिच्या वडिलांच्या नावावर आडवी रेघ मारली आणि खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "चांगली लेक आहेस तू त्यांची. जा आता घरी." मला सुताराचं काय झालं हे तेव्हा कळलं नव्हतं. मला फक्त त्या मुलीचा राग आला. माझ्या डोक्यावर त्यांनी कधी असा हात ठेवला नव्हता. एवढ्या वर्षांत मी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही, पण त्या हाताचा हेवा मात्र कायम केला.

आणि पंधरा दिवसांपूर्वी मी काय केलं होतं? आदल्या दिवशी त्यांनी जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं होतं आणि मी ओरडले होते, आयुष्यात पहिल्यांदा, नको ते. सकाळी पेशंट म्हणून बसले तेव्हा माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "कंपाउंडरसाहेब, घरी वडील आहेत. म्हातारे. काही आठवत नाही त्यांना, मला ओळखत नाहीत. त्यांचे हाल होतात." ते खल फिरवत होते, थांबले. "खूप हाल?" "खूप. कधी कधी वाटतं, सुटावेत." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "सुटावेत म्हणजे ते, की तुम्ही?" मी म्हटलं, "दोघंही." त्यांनी खल पुन्हा दोनदा फिरवला. मग म्हणाले, "बरं. बघू काय करता येतं." मी त्या दिवशी हलकी होऊन कामाला गेले. मनातलं बोलून टाकलं की बरं वाटतं म्हणतात. कुणाशी बोलतोय हे मात्र बघावं.

घरी समोरच्या काकू बाबांजवळ बसल्या होत्या. मी कामावर असते तेव्हा त्या बसतात. "अगंबाई, इतक्या लवकर? चेहरा कसा पांढरा पडलाय!" मी म्हटलं, काही नाही, चक्कर आली. "येणारच. स्वतःकडे बघतेस का कधी? आणि हे आज एकदम शहाण्यासारखे बसलेत हो, सकाळपासून नुसते कुटतायत." काकू गेल्या. बाबा टेबलाशी होते, पाठ ताठ. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात रुमाल असतो. मी जवळ जाऊन तो काढला तर त्यांनी अडवलं नाही. रुमालाच्या घडीला पांढरे डाग होते, ओल्या गोळ्या वाळून चिकटल्याचे. गोळी एकही नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी महिनाभर त्यांच्या झोपेसाठी डॉक्टरांकडे खेटे घालत होते. "या बाई," ते म्हणाले, "तुमचीच वाट बघत होतो." त्यांनी ड्रॉवर उघडला आणि टेबलावर एक पुडी ठेवली. जाड होती. घड्या नीट होत्या. नाव नव्हतं.

"ही तुमच्या वडिलांना," ते म्हणाले. आवाज हळू होता. "दुधातून द्या. एकदम. त्रास होत नाही." मी पुडी उलटून बघितली. म्हटलं, "नाव राहिलं." "राहू दे."

मी ती घेऊन स्वयंपाकघरात गेले. दार लोटलं. इथे मला स्वतःला चांगलं ठरवायचं नाही, म्हणून झालं तसं सांगते. मी दुधाचं पातेलं शेगडीवर ठेवलं. का ठेवलं, दूध मला हवं होतं की त्यांना, हे मी ठरवलं नव्हतं. पुडी ओट्यावर होती. आत माझ्या बापाच्या महिनाभराच्या न झोपलेल्या झोपा होत्या, त्याने स्वतःच्या तोंडातून काढून साठवलेल्या. त्यांनी स्वतःच ठरवलं होतं, असं कुणी म्हणू शकलं असतं. त्यांना ठाऊक नव्हतं की ते स्वतःबद्दल ठरवतायत, असंही. मला आठवलं ते अंघोळीला घाबरतात ते, जाळी ओरबाडतात ते, आईची वाट बघतात ते. संस्थेची स्वच्छ खोली आठवली, जिथे त्यांना खल देणार नाहीत. कुणाला कळलं नसतं. दूध तापून वर येईपर्यंतचा सगळा वेळ मी विचार केला, आणि तो विचार त्यांना देऊ नये असा नव्हता. दूध उतू गेलं. शेगडी विझली, जळका वास आला, आणि बाहेरून त्यांनी विचारलं, "काय हो, काही सांडलं का?" त्या काळजीच्या आवाजाने माझे हात हलले. मी पुडी मोरीत उलटी केली आणि नळ सोडला. भुकटी लवकर जात नव्हती, कडेला चिकटून बसली होती. मी बोटांनी घासली. मग हात धुतले. साबण लावून, धुऊन, पुन्हा लावून.

परत येऊन बसले तेव्हा ते तसेच बसलेले होते, हात टेबलावर जुळवून. आता मला त्यांना सांगायला हवं होतं की पुरे झालं, तुम्ही कंपाउंडर नाही, मी पेशंट नाही, उद्यापासून गोळी माझ्यासमोर तोंड उघडून दाखवायची. हे सांगितलं की तो अर्धा तास संपणार होता. मी शब्द जुळवत होते. त्यांनीच विचारलं, "दिलंत?"

मी त्यांच्याकडे बघितलं. "दिलं," म्हटलं.

"मग?"

"झोपले."

त्यांनी डोळे मिटले. त्यांचे खांदे खाली आले, कित्येक महिन्यांत मी ते असे सैल बघितले नव्हते. गालावरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग ते उठले, टेबलाला धरत माझ्यापर्यंत आले आणि हात माझ्या डोक्यावर ठेवला. जड, कोरडा हात. "चांगली लेक आहेस तू त्यांची," ते म्हणाले.

तीन वर्षं ते मला अहो-जाहो करत होते. आता एकदम ‘तू’. मला वाटलं आले, बाबा परत आले, एवढ्यापुरते का होईना आले. मी त्यांचा हात तसाच डोक्यावर धरून ठेवला आणि म्हटलं, "बाबा."

ते हसले, दुसऱ्याच्या दुःखात जेवढं हसता येतं तेवढं. "रडू नकोस. तुझे वडील गुणी माणूस. ही आमची खिडकीची चौकट बघ, त्यांच्या हातची आहे. अजून नख शिरत नाही." आणि दुसऱ्या हाताने ते हवेत, जिथे आमच्या घरात नुसती भिंत आहे तिथे, काहीतरी चाचपत राहिले.

मग त्यांनी वही ओढली, पान शोधलं. तिथे सुतार नव्हता, रोजच्या रोज लिहिलेलं माझंच नाव होतं, त्यांच्या नावासकट. त्यावर त्यांनी मान तिरकी करून आडवी रेघ मारली, एका पानावर, मग दुसऱ्या, एकही न गाळता. टाक पुसून ठेवला. "जा आता घरी," ते म्हणाले. "आता यायचं कारण नाही."

मी चपला घातल्या. पेशंटने दारातूनच जायला हवं, म्हणून दारातून बाहेर पडले आणि जिन्यात उभी राहिले. दादाला फोन लावला. म्हटलं, संस्थेला हो सांग. तो बराच वेळ बोलत होता, बरं झालं, तू किती केलंस, आता स्वतःकडे बघ. मग म्हणाला, "रडतेस का गं?" मी म्हटलं, नाही, सकाळी चक्कर आली होती, त्यामुळे आवाज असा येतोय. आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मग काही नाही. डोक्यावर जिथे हात होता ती जागा अजून जड लागत होती. मी तिला हात लावला नाही, पुसली जाईल म्हणून. दुसऱ्याच्या नावाचं औषध घ्यायचं नाही, असं बाबा सगळ्यांना सांगायचे. मी घेतलं.